दारातला रांजण आणि अवधूतांचा चौथा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

 

वैशाख लागला की आमच्या आदिलाबादेत सकाळी दहालाच रस्ते ओस पडायला लागतात. पारा 44-45 पर्यंत चढतो. कापसाची काळी रानं भेगाळून पडलेली असतात, पैनगंगेचं पात्र ठिकठिकाणी नुसती वाळू होऊन जातं, आणि झाडाखाली सावली असली तरी वारा मात्र भट्टीतून आल्यासारखा लागतो. अशा दिवसांत आम्ही भगिनी दरवर्षी एक छोटी सेवा करतो. ज्या घरी गुरुवारचा सत्संग होतो, त्या घराच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पाण्याचा रांजण भरून ठेवतो. आमच्याकडे तेलुगूत याला चलिवेंद्रम म्हणतात, मराठीत आपली पाणपोई. यंदाही अक्षय्य तृतीयेला रांजणाची पूजा केली, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. तुम्ही सर्वांनी हात जोडून कौतुकही केलंत.

त्या फोटोंत जे दिसलं नाही, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. जरा लाज वाटते आहे. पण सद्गुरूंच्या परिवारात नाही सांगायचं तर कुठे सांगायचं?

चोवीस गुरूंचं वाचन

गेले काही गुरुवार आमच्याकडे अवधूतांच्या चोवीस गुरूंचं वाचन चालू आहे. ही कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत येते. भगवान श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की, यदुराजाला एकदा एक अवधूत भेटला. अंगावर काही नाही, जवळ काही नाही, तरी चेहऱ्यावर असा आनंद, की राजाला आश्चर्य वाटलं. राजाने विचारलं, महाराज, हा आनंद आपल्याला मिळाला कुठून? अवधूताने सांगितलं की मला चोवीस गुरू मिळाले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध गोळा करणारा, हरीण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कुमारिका, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारमाशी. आपल्या दत्त परंपरेत हा अवधूत म्हणजे साक्षात दत्तप्रभूच मानले जातात.

आम्हा आदिलाबादकरांना तर दत्तप्रभू शेजारचेच वाटतात. किनवटमार्गे गेलं की माहूर. दत्तशिखर, अनसूयामाता, रेणुकामाता, सगळं एका डोंगररांगेवर. दत्तमहाराज माहूरला विश्रांतीला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका रात्री दिवा मालवताना अजूनही त्या दिशेला हात जोडतात.

या चोवीस गुरूंची यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यातल्या बहुतेकांना बोलता येत नाही, आणि कोणीही अवधूताला शिष्य करून घेतलेलं नाही. मधमाशीने दीक्षा दिली नाही, कोळ्याने प्रवचन केलं नाही. ते आपापलं काम करत होते. शिकण्याचं सगळं काम शिष्याच्या डोळ्यांनी केलं. म्हणजे गुरू चोवीसच आहेत असं नाही, अवधूताची नजर तशी होती. आपण तीच झाडं, तेच पक्षी रोज बघतो आणि पुढे जातो.

म्हणून आम्ही ठरवलं की वाचन झालं की प्रत्येकीने तो गुरू आपल्या घराभोवती शोधायचा. फार मजा आली. सूर्याच्या दिवशी एका भगिनीने सांगितलं, आमचे मालक म्हणतात की हा सूर्य आत्ता विहीर आटवतो आहे, पण मृगात सगळं परत देईल. अवधूतानेही सूर्यापासून हेच घेतलं, की किरणांनी पाणी ओढायचं, पण साठवून नाही ठेवायचं, वेळ आली की सोडून द्यायचं. मृगाच्या भरवशावर आमचे शेतकरी सरकी मातीत टाकतात. पाऊस येईल याची चिठ्ठी कोणी दिलेली नसते. यालाच श्रद्धा म्हणायचं. देवघरात बसून जी शिकायला आपल्याला वर्षं लागतात, ती कापूसवाल्याला दर जूनमध्ये नव्याने दाखवावी लागते.

कुमारिकेच्या दिवशी सगळ्या जणी हसल्या. घरी पाहुणे आलेले, एकटी मुलगी आत साळ कांडते आहे, बांगड्या वाजतात, घरात तांदूळ नाहीत हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती एकेक बांगडी काढत जाते. शेवटी हातात एकेकच उरते आणि आवाज थांबतो. अवधूताने यातून एकांत घेतला. आमच्या एका भगिनीने मात्र वेगळंच घेतलं. ती म्हणाली, बघा, पाहुण्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्या पोरीने हातातल्या बांगड्या काढल्या. आपण पाहुण्यासाठी काय काढतो?

हा प्रश्न त्या दिवशी हसण्यावारी गेला. पुढच्या गुरुवारी तो आमच्याच दारात येऊन उभा राहिला.

त्या गुरुवारी काय झालं

त्या दिवशी चौथा गुरू होता, पाणी. अवधूत म्हणतो की साधूने पाण्यासारखं असावं. मुळातच स्वच्छ, स्निग्ध, गोड, आणि ज्याला दिसेल, ज्याला लागेल, त्याला पवित्र करणारं. आम्ही त्यावर अर्धा-पाऊण तास बोललो. पाणी उंचावर थांबत नाही, सखल जागा शोधत जातं. पाणी राजाची तहान भागवतं तशीच मुंगीची. पाण्याला जात नाही, भाषा नाही. पैनगंगेच्या एका काठाला तेलंगणा, दुसऱ्या काठाला महाराष्ट्र, पण नदीला कुठे पाटी लागते? फार छान छान बोललो आम्ही. आरती झाली, प्रसाद झाला.

साडेअकराच्या सुमाराला निघालो तर फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक मावशी बसलेल्या. इंद्रवेल्लीकडच्या कुठल्या तरी गुड्यावरून पहिल्या बसने आलेल्या. सोबत सात-आठ वर्षांची नात. टोपलीत चारं आणि टेंभरं, निम्मी विकलेली, निम्मी उन्हाने मऊ पडलेली. पायात चपला होत्या, पण नातीच्या नव्हत्या. ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी होती.

आता आमच्या पाणपोईची मांडणी सांगायला हवी. रांजणाला साखळीने एक प्लास्टिकचा मग बांधलेला, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. आणि फाटकाच्या आत ओट्यावर स्टीलचा तांब्या आणि पेले, ते सत्संगाला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी. ही मांडणी आम्ही विचार करून केली नव्हती. खरं तर विचार केला नाही म्हणूनच ती तशी झाली होती.

त्या दिवशी पाण्याचा पाठ ताजा होता. आमच्यातल्या एकीने आतून स्टीलचा पेला आणला, ओगराळ्याने काठोकाठ भरला आणि पुढे केला. "घ्या मावशी."

मावशींनी पेल्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. "ओंजळीत वता माय."

"अहो, पेला घ्या ना."

"राहू द्या. तुमचा गिलास कायले इटाळू?"

त्या हसून म्हणाल्या. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही. पाऊस पडला की छत्री उघडावी इतक्या सहज. एवढ्यात नातीने हात पुढे करून पेला धरला. मावशींनी तिच्या हातावर हलकी चापट मारली. "ठेव ते. आपलं नाही."

आणि मग जे झालं ते आम्हाला सर्वांत जास्त लागलं आहे. आमच्यातल्या एकीने पेला उचलला आणि त्यांच्या ओंजळीत वरून धार धरली. बरोबर वीतभर उंचावरून. पेला हाताला लागणार नाही, पाणी सांडणार नाही, अशी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हाताला येत होतं. मावशी पाणी प्यायल्या, नातीला पाजलं, "देव भलं करो" म्हणाल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन गेल्या. आम्ही पाच-सहा जणी पदर सावरत तशाच उभ्या. आत्ताच आम्ही म्हणालो होतो, पाण्याला जात नाही. पाण्याला नव्हती हो. पेल्याला होती.

वळचणीचा कप

आम्ही परत आत जाऊन बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वांत मोठ्या, सत्तरी ओलांडलेल्या ताई म्हणाल्या, "आमच्या सासरी वळचणीला एक कप खोचलेला असायचा. कान तुटलेला."

त्यांनी एवढं म्हटलं आणि आम्हाला सगळ्यांना आपापल्या घरचा तो कप आठवला. कापूस वेचून दिवसभर वाकून दमलेल्या बाया संध्याकाळी मापं घालायला यायच्या. बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. त्यांना चहा त्या कपात. प्यायच्या, त्यांनीच विसळायचा, त्यांनीच परत खोचायचा. सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्याच बायांच्या बाळंतपणाला डिंक-खोबरं पाठवायच्या, पोरांना जुने कपडे द्यायच्या. दया होती. पण दया वरून धार धरल्यासारखी होती, वीतभर अंतर राखून. आम्ही सुना म्हणून आलो, तो कप पाहिला, आणि काही बोललो नाही. पुढे कप गेला, घरं पक्की झाली, वळचणी राहिल्या नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं ते सगळं.

त्या मावशी आमच्या घरच्या वेचणीला कधी आल्या नव्हत्या. पण आमच्यासारख्या कुठल्या तरी घरी, कुठल्या तरी वळचणीचा कप त्यांच्या हातात पडला असणार. आम्ही विसरलो, त्या विसरल्या नाहीत. आता तो धडा त्या नातीला देत होत्या.

इथे आणखी एक गोष्ट कबूल करतो. आम्ही दर उन्हाळ्यात चिमण्यांसाठी गच्चीवर पाणी ठेवतो, गाईसाठी दारात टाकी भरतो. ते करायलाच हवं आणि करत राहू. पण चिमणीला पाणी ठेवणं सोपं आहे. चिमणी आपल्या पेल्याला तोंड लावत नाही. माणसाला आपलाच पेला देताना कळतं की आपण किती पाझरतो.

नाथांनाही संकोच झाला होता

पुढच्या गुरुवारी आम्ही पुढचा गुरू घेतला नाही. पाण्यावरच थांबलो आणि संत एकनाथ महाराजांचं स्मरण केलं. कारण चोवीस गुरूंची ही कथा आपल्या मराठीत घरोघर आणली ती नाथांनीच. भागवताच्या याच अकराव्या स्कंधावर त्यांनी ओवीबद्ध टीका लिहिली, ती 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. तेच आपलं एकनाथी भागवत. आणि नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त.

नाथांची काशीच्या कावडीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायला नेत असताना वाटेत उन्हात तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर त्यांनी कडेवर उचलून घेतलं, हीही कथा आपल्याला ठाऊक आहे. या कथा ऐकल्या की वाटतं, ते नाथ होते, त्यांना जमलं. आपल्याला कसं जमणार?

म्हणून आम्ही त्या दिवशी दुसरी कथा काढली. ती कमी सांगितली जाते. जनार्दनस्वामींनी एकदा नाथांना दत्तदर्शन घडवायचं ठरवलं. दोघे रानात बसले. समोरून आला एक मलंग फकीर, सोबत एक कुत्री. जनार्दनस्वामी उठून त्याच्या पायांशी गेले. दोघे एकाच पात्रात जेवायला बसले. स्वामींनी नाथांना बोलावलं, ये, तूही बस. आणि नाथ बसले नाहीत. त्यांचं पाऊल पुढे पडेना. हा कोण, याच्या पात्रात कसं जेवायचं, असा संकोच झाला. तो मलंग म्हणजे प्रत्यक्ष दत्तप्रभू होते, ती कुत्री म्हणजे कामधेनू. नाथांना ते नंतर कळलं.

बघा, ज्यांनी पुढे गाढवाला गंगा पाजली, त्यांचंही पाऊल आधी अडखळलं होतं. आणि अडखळलं कुठे? ज्ञानात नाही, जप-तपात नाही. ताटाशी. एका पात्रात हात घालायची वेळ आली तिथे. सद्गुरू आपल्याला नेहमी सांगतात की परीक्षा देवघरात होत नाही, उंबऱ्यावर होते. त्याचा अर्थ त्या दिवशी आम्हाला कळला. नाथ अडखळले यात त्यांचा कमीपणा नाही. अडखळल्याचं त्यांना कळलं आणि ते तिथे थांबून राहिले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मग आपल्यालाही आशा आहे.

तेच पाणी, तीच गोदावरी

आमच्या जिल्ह्यातली एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते, कारण बाहेरगावच्या पुष्कळ साधकांना ती माहीत नसेल. इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर नावाचं गाव आहे. तिथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंड समाजातल्या मेश्राम कुळाचं हे दैवत. जत्रेआधी मेश्राम मंडळी पायी निघतात, अनवाणी, गोदावरीपर्यंत. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरांहून जास्त पायपीट. तिथून एका झारीत पाणी आणतात आणि अमावास्येच्या रात्री त्याच पाण्याने नागोबाला अभिषेक होतो. पूजेसाठी लागणारी मातीची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडून येतात. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची त्या वेळी देवाशी ओळख करून देतात, मगच त्या कुळाच्या झाल्या असं मानतात.

नाथांचं पैठण गोदावरीच्या काठी. तीच गोदावरी नांदेडवरून, बासरच्या सरस्वतीच्या पायाशी येऊन आमच्या भागात उतरते, आणि त्याच नदीचं पाणी मेश्राम मंडळी झारीत भरून नागोबाला नेतात. ज्या पाण्याला आम्ही गंगा म्हणून डोक्याला लावतो, त्याच पाण्यासाठी ही माणसं पौषाच्या थंडीत, आदिलाबादच्या त्या बोचऱ्या थंडीत, अनवाणी चालतात. त्या मावशी कोणत्या कुळाच्या, आम्हाला ठाऊक नाही, आम्ही विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नाही. पण पाण्याचं पावित्र्य काय असतं हे त्यांना आमच्याकडून शिकायचं नव्हतं, एवढं मात्र आम्हाला नीट कळलं. पाणी विटाळेल असं त्यांना वाटलं नाही, पेला विटाळेल असं वाटलं. ते आम्हीच कधीतरी शिकवलं होतं.

आम्ही काय बदललं

सरळ सगळ्यांचं एकमत झालं असं समजू नका. एका भगिनीने विचारलं, "भावना ठीक आहे, पण स्वच्छतेचं काय? एकाच पेल्याने सगळे प्यायले तर आजार नाही का पसरणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यावर नीट विचार केला. स्वच्छता हवीच. पण मग ती सगळ्यांसाठी सारखी हवी. बाहेरच्यांच्या मगाला आपण दिवसातून एकदा पाणी मारत होतो आणि आपल्या पेल्यांना प्रत्येक वेळी घासत होतो. म्हणजे काळजी आपली होती, त्यांची नव्हती. स्वच्छतेच्या नावाखाली आपण दुसरंच काही सांभाळत होतो.

मग साखळीचा मग काढून टाकला. सत्संगातलेच बारा स्टीलचे पेले बाहेर आणले. रांजणावर लाकडी झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कोणाचाच हात पाण्यात जात नाही. बाजूला दोन टोपल्या, एकीत धुतलेले पेले, एकीत वापरलेले. सत्संगाला येणाऱ्या भगिनीही आता याच टोपलीतला पेला उचलतात. आत वेगळा तांब्या नाही. वापरलेले पेले दिवसातून तीन-चार वेळा आम्हीच आळीपाळीने घासतो. ही सेवा कोणी मोलकरणीला सांगायची नाही, असं ठरलं आहे.

पहिल्या दिवशी त्या टोपलीतला पेला उचलताना आमच्यातल्या दोघी-तिघींचा हात क्षणभर थांबला. त्यांनी तसं नंतर सांगितलं. आम्ही हसलो नाही. नाथांचं पाऊल आठवलं.

रांजणानेही एक धडा दिला. यंदा आधी एक रंगवलेला, चकचकीत माठ आणला होता, दिसायला फार सुंदर. पण पाणी काही गार होईना. कुंभारदादा म्हणाले, "अम्मा, रंगाने त्याची छिद्रं बुजली. माठ पाझरला पाहिजे. बाहेर आलेलं पाणी वाऱ्याने उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार राहतं." मग साधा, खरबरीत रांजण आणला, खाली ओली वाळू घातली, भोवती भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं. दुपारी दोनलाही पाणी गार. आपलंही तसंच आहे. वरून कितीही रंगवलं, टिळे लावले, माळा घातल्या, तरी आतून काही पाझरलं नाही तर आपल्याजवळ येऊन कोणाची तहान भागायची नाही.

मावशी पुन्हा आल्या

पंधरा-वीस दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. या वेळी नात नव्हती. आम्ही तिच्यासाठी चपला आणून ठेवल्या होत्या, पण पायाचं माप अंदाजाने घेतलेलं. त्या हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाल्या, "होतीन पुढच्या वर्षी बी."

आम्ही टोपलीतला एक पेला भरला आणि त्यांच्यासमोर आधी आम्ही प्यायलो. मग दुसरा भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्या बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, आता घेतील. त्यांनी ओंजळच केली.

खरं सांगतो, आम्ही थोड्या हिरमुसलो. मनात आलं, आम्ही एवढं बदललं आणि यांना त्याचं काहीच नाही? मग लक्षात आलं की हाही आमचा अहंकारच. पन्नास-साठ वर्षांची शिकवण आमच्या दोन आठवड्यांच्या पश्चात्तापाने पुसली जावी, अशी आमची घाई होती. पाणी कोणाकडून पावती मागत नाही. अवधूताने पाण्याला गुरू केलं ते याचसाठी. म्हणून आम्ही पेला बाजूला ठेवला, त्यांच्याजवळ खाली बसलो आणि ओगराळं त्यांच्याच हाती दिलं. "मावशी, तुम्हीच घ्या. रांजण तुमचाच आहे."

या वेळी त्यांनी रांजणाचं झाकण काढलं, स्वतःच्या हाताने पाणी घेतलं आणि ओंजळीत ओतून प्यायल्या. आणि मग तेच ओगराळं बुडवून आमच्यातल्या एकीकडे बघून म्हणाल्या, "तुमाले पायजे का?"

तिने ओंजळ केली. मावशींनी ओतलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही पाचवा गुरू घेतला.

या महिन्याचा संकल्प

गुरुबंधू-भगिनींनो, हे लिहिण्याचं कारण आमचं कौतुक व्हावं हे नाही. कौतुकासारखं यात काही नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे तो वळचणीचा कप असेल, रूप बदललेलं असेल. तो शोधायला मदत व्हावी म्हणून हे तीन छोटे संकल्प देतो आहोत. घरातल्या ग्रुपवर वाचून दाखवा, मुलाबाळांशी बोला.

1. कामाला येणाऱ्या ताई, गाडी चालवणारे दादा, कचरा नेणारे, डिलिव्हरी घेऊन येणारी मुलं, यांना घरात चहा-पाणी देताना कोणतं भांडं पुढे येतं, ते एक दिवस नुसतं बघा. कोणाला दोष देऊ नका, आधी स्वतःच्या हाताकडे बघा. आणि मग घरात सगळ्यांसाठी जे पेले आहेत, त्यातलाच पुढे करा.

2. उन्हाळा आहे, जमेल तिथे पाणी ठेवा. पक्ष्यांसाठी गच्चीवर, गुराढोरांसाठी दारात, आणि माणसांसाठी फाटकाबाहेर. झाकण, ओगराळं आणि धुतलेले पेले हवेतच. फोटो नाही टाकलात तरी चालेल.

3. घरातल्या मुलांना अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी रोज एक सांगा आणि विचारा, "हा आपल्या घराजवळ कुठे आहे?" मुलं आपल्याहून लवकर शोधतात. त्यांच्या हाताला अजून सवयी लागलेल्या नाहीत.

सद्गुरूंच्या चरणी एवढंच मागणं आहे. आमच्या हातांनी नकळत जे धडे दिले, ते आमच्याच हातांनी पुसता यावेत. दत्तप्रभू कोणत्या वेषात दारात येतील ते आम्हाला ओळखता येणार नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला तोच पेला देण्याची बुद्धी व्हावी.

मृगाचा पहिला पाऊस लवकर येवो, विहिरी भरोत, सगळ्यांच्या रानात कापूस फुटो.

आपल्या सेवेकरी भगिनी,
आदिलाबाद

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏